टाकळ्याचे कढण आणि समाधानाचा प्रश्न

समाधान ही गोष्ट दुसऱ्याला शिकवता येते काय? येत असेल, तर ती कोणी कोणाला शिकवावी? गेल्या पावसाळ्यात एका वाटीभर कढणाच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. तो अद्याप मनातून गेलेला नाही, म्हणून वाचकांपुढे, विशेषतः शब्बाथशाळेच्या शिक्षक बंधुभगिनींपुढे, तो मांडीत आहोत.

इब्रामपूर हे गोव्याच्या पेडणे तालुक्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. पलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्गाचा मुलूख. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत त्यांच्याकडे राहिला. सोयरीक, बाजार आणि भजन मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच. आमचे एक स्नेही नोकरीनिमित्त त्या भागात राहतात. त्यांच्याकडे आषाढात दोन दिवस मुक्काम पडला असता शेजारच्या आजींनी आम्हां दोघांना जेवायला बोलावले. आजी आपल्या मंडळीच्या नव्हेत, पण दारी आलेल्याला उपाशी न पाठवण्याचा धर्म त्यांना कोणी शिकवावा लागला नव्हता.

बाहेर पाऊस कोसळत होता. पानात उकड्या तांदळाचा भात, आंब्याच्या फोडीचे लोणचे आणि वाटीत गरम, हिरवे, पातळसर कढण. तो टाकळा होता. गोव्यात त्याला तायकिळो म्हणतात. जूनच्या पहिल्या सरींबरोबर तो वाटेच्या कडेला, कुंपणाशी, पडीक जागेत आपोआप उगवतो. लावावा लागत नाही, की विकत आणावा लागत नाही. कोवळी पाने तेवढी खुडायची. एकदा का झाड वाढून पिवळ्या फुलावर आले, की पाला जून होतो व खाववत नाही. आजींनी तो बारीक चिरून तुरीच्या डाळीबरोबर शिजवला होता. त्यात गेल्या उन्हाळ्यात राखेत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, ओले खोबरे, हिरवी मिरची आणि एक-दोन आमसुले. आम्ही घाटावरची माणसे, आमच्याकडे टाकळ्याला कोणी विचारीत नाही. पण भर पावसात ती वाटी तोंडाला लावली आणि अंगात ऊब आली.

जेवताना आजींनी वर्षाच्या पातेल्याचा हिशेबच सांगितला. आषाढात टाकळा आणि कुर्डू; मग अळू आणि तेरे, आणि त्यांच्या घशाला खाज येऊ नये म्हणून जोडीला आंबाडे किंवा चिंच. श्रावणात शेवग्याचा पाला. चतुर्थीच्या सुमाराला परसातील दोडकी, भेंडी, काकडी आणि तांबडा भोपळा. पुष्कळ भाज्या मिळाल्या की तिरफळे घालून खतखते. भात कापून झाल्यावर मळ्यात मुळा, तांबडी भाजी, अळसांदे आणि वांगी. थंडीत करांदे आणि कोनफळ. भाजी सरली की कुळीथ आहेतच. त्यांची पिठी नाही तर कळण. उन्हाळ्यात दहाच्या सुमाराला पेज आणि दुपारी कोकमाची कढी. या यादीत उगीच काही नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, समुद्र खवळलेला असतो, बाजारात भाजी महाग असते. आणि नेमक्या त्याच दिवसांत डोंगर आपणहून हिरवे अन्न पुढे करतो.

हे ऐकून आमच्यातील उपदेशक जागा झाला. आम्ही म्हणालो, “आजी, हे तर अमृत आहे. शहरातली माणसे दुकानातून पाकिटातले सूप आणतात आणि आजारी पडतात. देवाने ऋतूप्रमाणे दिलेले खाऊन समाधानी कसे राहावे, हे तुमच्याकडून शिकावे.”

आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग आपल्या पेडणेकरी बोलीत त्या जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा : “पाव्हण्यांनो, तुम्हांला गोड लागले, बरे वाटले. पण आम्ही हे समाधानासाठी खात नव्हतो. दुसरे काही नव्हते म्हणून खात होतो. सीमा बंद झाली, त्याच्या पुढच्या पावसात माझा धाकटा भाऊ दोन महिने ह्याच पाण्यावर होता. तेव्हा डाळ नव्हती, खोबरे नव्हते. श्रावण लागायच्या आत तो गेला.”

सीमा बंद झाली ती १९५५ साली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर भारत सरकारने गोव्याच्या सीमा बंद केल्या. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. त्यांचे वडील सीमेपलीकडे मजुरीला जात, ती मजुरी बुडाली. एवढे सांगून आजी उठल्या आणि आमच्या वाटीत आणखी एक पळी वाढून गेल्या. रागावल्या नव्हत्या. आमची मान मात्र खाली गेली.

मान खाली जाण्याला आणखी एक कारण होते. त्याच वर्षी शिक्षकांच्या एका वर्गात आम्ही समाधान या विषयावर बोललो होतो आणि गरिबाच्या घरच्या साध्या कालवणाचा दाखला मोठ्या रसाने दिला होता. समोर बसलेल्यांत असे एक-दोन जण होते, की ज्यांच्या घरी महिनाअखेरीस तेच कालवण रोज असते. त्यांना काय वाटले असेल, हा विचार तेव्हा आमच्या मनाला शिवला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन माणसे एकच कढण पितात. एकाला दुसरे अन्न मिळण्याजोगे असून तो हे निवडतो. दुसऱ्याला दुसरे काहीच नाही. दोघांच्या वाट्या सारख्या. दोघांचा सद्गुण सारखा मानावा काय? आपल्या मराठी भाषेनेच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. उपवास आणि उपासमार हे दोन शब्द जवळचे आहेत. दोन्हींत पोट रिकामेच असते. पण उपवास करणारा मनुष्य आपल्या इच्छेने ताटावरून उठतो, आणि उपासमारीत ताटच नसते. उपासमार होणाऱ्याला उपवासाचे पुण्य आहे असे म्हणून जो त्याच्या दारावरून पुढे जातो, तो त्याची स्तुती करीत नसून आपली जबाबदारी टाळीत असतो. गरिबीची वाखाणणी ही पुष्कळदा न दिलेल्या मदतीवर घातलेले पांघरूण असते.

येथे कोणी विचारील, पवित्र शास्त्र तर आहे त्यात समाधान मानायला सांगते ना? प्रेषित पौल फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आपण असेल त्या स्थितीत संतुष्ट राहण्यास शिकलो असे सांगतो. पण तो अध्याय नीट वाचावा. पौल हे बंधनात असताना लिहितो, आणि स्वतःविषयी लिहितो. दुसऱ्या कोणा उपाशी माणसाकडे बोट दाखवून, पाहा हा कसा संतुष्ट आहे, असे तो म्हणत नाही. शिवाय ज्या ओळींत त्याचे हे बोलणे येते, त्या ओळी फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेल्या देणगीबद्दलच्या आहेत. आपल्या संकटात ते भागीदार झाले हे त्यांनी चांगले केले, असे तो त्यांना कळवतो. म्हणजे पौलाच्या समाधानाने फिलिप्पैकरांचे देणे अनावश्यक ठरले नाही. गरजेत असणाऱ्याने संतुष्ट असावे आणि ज्याच्याजवळ आहे त्याने देत राहावे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच पत्रात आहेत. पण ती दोन वेगवेगळ्या माणसांची आहेत. आपण दुसऱ्याचे कर्तव्य त्याला शिकवायला जातो आणि आपले विसरतो, हीच आमची चूक झाली.

तथापि याच्या उलट टोकालाही जाता कामा नये. निवड नव्हती म्हणून आजींच्या घरात सद्गुणच नव्हता, केवळ नाइलाज होता, असे म्हणणे हा त्या घराचा दुसरा अपमान होईल. जेवण झाल्यावर आजींनी त्याच पावसाळ्याची दुसरी गोष्ट सांगितली. शेजारी एक विधवा एकटी राहत असे. तिला चालवत नसे, त्यामुळे पाला खुडायला जाता येत नसे. आजींची आई रोज पातेल्यात एक वाटी पाणी जास्त घाली आणि ती वाटी मुलीच्या हाती तिकडे पाठवी. स्वतःचा मुलगा आजारी असताना देखील ती वाटी चुकली नाही. त्या माउलीला काय खावे याची निवड नव्हती. कोणाबरोबर खावे याची निवड होती, आणि ती तिने केली. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची जी स्तुती प्रभूने केली ती तिच्याजवळ थोडे होते म्हणून नव्हे. त्या थोड्यातून तिने दिले म्हणून. सद्गुण तुटवड्यात नसतो. तुटवड्यातही मनुष्य जे देतो त्यात तो असतो.

मग आम्ही मागे कौतुक केले त्या ऋतूच्या भाजीचे काय? ती वाईट काय? मुळीच नाही. टाकळा, शेवगा, माठ यांच्या पाल्यात लोह आणि जीवनसत्त्वे असतात. हंगामाची भाजी जवळच पिकते, ताजी असते, स्वस्त पडते. पण नुसत्या पाल्याच्या पाण्यावर वाढते मूल जगत नाही. त्याला धान्य लागते, डाळ लागते, थोडे तेल किंवा खोबरे, जमल्यास अंडे किंवा दूध लागते. आजींची आजची वाटी आणि १९५६ च्या पावसाळ्यातील वाटी यांत फरक आहे तो डाळीचा, आठळ्यांचा आणि खोबऱ्याचा. पाला देवाने फुकट दिला होता. डाळ माणसांनी पोचवायची होती, ती पोचली नाही. देवाच्या देणग्यांत असे पुष्कळदा दिसते. अर्धे तो जमिनीतून देतो आणि उरलेले अर्धे शेजाऱ्याच्या हातून द्यावयाचे ठेवतो.

सुस्थितीतील माणसाचे कौतुक आणखी एका रीतीने गरिबाला महाग पडते. नाचणी ही काल-परवापर्यंत डोंगरावरच्या गरिबाची भाकरी होती. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि आता शहरात तिची बिस्किटे निघतात. याने शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले तर आनंदच आहे. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रोवण अळमी पाहा. पूर्वी ती रानात जाणाऱ्याच्या पातेल्यात पडत असे. आता तिला शहरात असा भाव येतो, की काढणारा ती चाखण्याऐवजी रस्त्याच्या कडेला विकायला बसतो. तेही त्याने का करू नये? पण ती विकून त्या पैशाचे त्याच्या पातेल्यात काय पडले, हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा. आणि ज्या माळरानावर व कुंपणाकडेला हा रानमेवा येतो ती जागाही कमी होत आहे. याच पेडणे तालुक्यात मोपा पठारावर विमानतळ झाला. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. विमानतळ नको असे आमचे म्हणणे नाही. तेथे तरुणांना कामही मिळते. परंतु फुकटचे अन्न जेथून येत होते ती जमीन गेली, की गरिबाचा एक नाव नसलेला पगार बंद होतो, हे हिशेबात धरले जात नाही.

आतापर्यंत आपण कढणाची स्तुती करणाऱ्याविषयी बोललो. कढण वाटणाऱ्याविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण तो प्रश्न आम्हां प्रॉटेस्टंट मंडळींच्या अधिक जवळचा आहे. आयर्लंडात बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि मोठा दुष्काळ पडला. १८४७ साली सरकारी कायद्याने तेथे सूप वाटण्याची केंद्रे निघाली, आणि त्या वर्षीच्या जुलैत दररोज सुमारे तीस लाख लोक त्या अन्नावर जगत होते. परंतु त्याच दुष्काळात काही धर्मप्रचारकांनी सुपाबरोबर पंथ बदलण्याची अट घातली, असा आरोप झाला. तो सर्वत्र खरा नव्हता. पण जेथे खरा होता तेथे त्याने एवढी कटुता पेरली, की ‘सूप घेतलेला’ ही पुढे कित्येक पिढ्या शिवी होऊन राहिली. उलट क्वेकर पंथाच्या लोकांनी कोणाचा धर्म न विचारता वाटले, आणि त्यांचे नाव आयरिश लोक आजही कृतज्ञतेने घेतात.

आपल्या देशातही १८९६–९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत मिशनच्या आवारांतून अन्न शिजले. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली केडगावला आणून वाचवल्या. त्या अन्नाने जीव वाचले याबद्दल आपण देवाचे उपकार मानतो. पण ‘पोटासाठी बाटलेले’ हे शब्द आपल्या आजा-पणजांनी ऐकले आहेत, आणि ते शब्द का बोलले गेले याचा विचार आपण रागाने न करता नम्रतेने करावा. ज्या वाटीला दोरी बांधलेली असते, तिच्यातले अन्न पोटात जाते, पण उपकार मनात जात नाही. आजींच्या आईने विधवेला वाटी पाठवताना काही मागितले नव्हते. आम्हांला वाढलेल्या दुसऱ्या पळीलाही कसली अट नव्हती. आम्ही तिच्या दुःखावर प्रवचन देऊन बसलो होतो, तरी तिने वाढले.

या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे असे आम्हांला वाटते. अन्नाची नुसती स्तुती करणारा आणि अट घालून वाटणारा, दोघेही पातेल्याच्या बाहेर उभे असतात. दुसरे राजे या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात गिलगाल येथील दुष्काळाची हकीकत आहे. अलीशा संदेष्ट्याने आपल्या शिष्यांसाठी मोठे पातेले चुलीवर ठेवायला लावले. एक जण रानात भाजी खुडायला गेला आणि ओळखीच्या नसलेल्या रानवेलीची फळे ओटीभरून आणून त्याने ती चिरून घातली. खाताना ती विषारी असल्याचे ध्यानी आले. अलीशाने ते पातेले ओतून टाकले नाही, आणि त्या शिष्याला बोलही लावला नाही. त्याने पीठ मागवून त्यात टाकले, आणि मग लोकांना वाढायला सांगितले. या हकीकतीतील पिठाकडे आपण चमत्कार म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण दुष्काळात पीठ कोणाजवळ तरी होते आणि ते त्याने पातेल्यात जाऊ दिले, हेही पाहावे.

त्याच्या लगेच पुढची हकीकत आपण बहुधा वेगळी वाचतो, ती वेगळी वाचू नये. बआल-शालीशाहून एक मनुष्य प्रथमउपजाच्या सातूच्या वीस भाकरी घेऊन आला, आणि अलीशाने त्या लोकांना वाढायला सांगितल्या. शंभर माणसे जेवून उरले. आधी दुष्काळाचे पातेले, आणि त्यापाठोपाठ प्रथमउपज. त्या मनुष्याने उरलेसुरले आणले नाही. हंगामाचे पहिले आणले. आपण मात्र गरिबासाठी काय बाजूला काढतो? मळ्यातील किडका मुळा, शिळा भात, दोन वर्षे न घातलेला सदरा. तेवढे देऊन आपल्याला समाधान वाटते, आणि तेच समाधान आपण पुन्हा गरिबाला शिकवायला जातो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. समाधानाचा धडा घेताना वर्गातील सर्वांत गरीब मुलाच्या जागी बसून तो आधी स्वतःला शिकवून पाहावा. ज्या मुलांच्या डब्यात पुष्कळ आहे त्यांना मर्यादा शिकवावी, हंगामाची भाजी नाक न मुरडता खायला शिकवावी. आजींच्या नातवाला टाकळ्याची लाज वाटते. वर्गातील मुले हसतात म्हणून तो डबा झाकून खातो. ही लाज नाहीशी करण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये; हसणाऱ्या मुलांना ते शिकवावे. आणि ज्याच्या डब्यात थोडे आहे त्याला समाधान शिकवण्यापूर्वी त्याच्या डब्यात डाळ आहे की नाही ते पाहावे. टाकळा कसा ओळखावा, अळवाला आंबट का घालावे, कोणती वेल विषारी, हे ज्ञान आज आजींसारख्यांजवळ उरले आहे. तेही मुलांना त्यांच्याकडून शिकू द्यावे. गिलगालच्या त्या शिष्याला ते कोणी शिकवले असते, तर पातेल्यात विष पडले नसते.

समाधान शिकवता येते काय, असा प्रश्न आम्ही आरंभी केला होता. आमच्या अल्प बुद्धीला असे वाटते, की ते सांगून शिकवता येत नाही. एकाच पातेल्यातून जेवणाऱ्यांत ते एकाकडून दुसऱ्याकडे जाते. गावी परतल्यावर आमच्या मंडळीत आम्ही त्या धड्याबद्दल शिक्षकांची क्षमा मागितली. त्यानंतर काही भगिनींनी सुचवले, की महिन्यातील एका रविवारी उपासनेनंतर हंगामाच्या भाजीचे कढण आणि भात सर्वांनी मिळून करावा. प्रत्येकाने घरातील चांगल्यातले काही आणावे. ज्याला आणता येत नाही त्याने चिरायला बसावे. आणि कोणी काय आणले याची नोंद ठेवू नये. चार महिने हे चालले आहे. पहिल्या महिन्यात डाळ कमी पडली. दुसऱ्या महिन्यात ती उरली, आणि उरलेली कोणाच्या घरी गेली हे आम्ही विचारले नाही.

इब्रामपूरला आजींना पत्र पाठवून आम्ही हे कळवले. त्यांच्या नातवाने उत्तर लिहिले आहे. आजींनी विचारले आहे, की घाटावर टाकळा मिळत नसेल तर आम्ही कढणात काय घालतो.